चुकीची प्रत

कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात सपोराबाईंचा हात गेला आणि बोटांना नवा कागद लागला. कप्प्याच्या मापाचा कापून पसरलेला पेपर, अजून करकरीत. हात तसाच मागच्या फळीपर्यंत सरकला. डाव्या बाजूला बाबांचा पंचग्रंथ होता, त्याला खाकी कव्हर चढलं होतं. शेजारी औषधांचा डबा, चष्म्याचं जुनं घर, आणि पुढे काहीच नाही. त्या रिकाम्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नववा दिवस होता. खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, महिनाभर बारीक वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपल्यालाच दिसत नाहीये. त्यांनी काळा चष्मा काढला. उजव्या डोळ्याला सगळं निळसर, धुवून काढल्यासारखं दिसत होतं. पेपरातली साड्यांची जाहिरात दिसत होती, कोपऱ्यातली तारीख दिसत होती. वही नव्हती.

स्वयंपाकघरातून सून विचारत होती, आई, कपाट बघितलंत का, दिवाळीच्या आधी सगळं पुसून काढलंय. मांजर्लीत तळमजल्यावर राहायचं म्हणजे पावसाळ्यात एकदा तरी उल्हास नदी घरात येऊन जायची, आणि ती गेली तरी तिचा वास कपाटात राहायचा. यंदा जुलैत पाणी दुसऱ्या कप्प्यापर्यंत आलं होतं. तिसरा वाचला असं सगळ्यांना वाटलं, पण ओल लाकडातून चढते. सपोराबाईंनी विचारलं, इथे एक वही होती. वृंदा हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी चांगलं केल्याचा आनंद होता, आणि तोच सपोराबाईंना पुढे कितीतरी वेळ छळत राहिला.

"ती सुजलेली ना? हिब्रूवाली? ती मी रद्दीत नाही टाकली हां, आई. पांढऱ्या ओढणीत गुंडाळून अंबरनाथला प्रार्थनाघरात नेऊन दिली. रविवारी जुन्या पुस्तकांबरोबर पुरणार आहेत. तुमच्याच पद्धतीने केलं."

तुमच्याच पद्धतीने. ते खरंच होतं. वृंदा लग्न होऊन आली त्या वर्षी तिने बटाटेवडे तळले होते आणि तेल निथळायला खाली कागद घातला होता. तो एका फाटक्या प्रार्थनापुस्तकाचा कागद होता. माळ्यावरच्या गठ्ठ्यातून तिने तो साधा जुना कागद म्हणून ओढून घेतला होता. देशपांड्यांच्या घरातल्या मुलीला ती अक्षरं कशी कळावीत. सपोराबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, की ज्या कागदावर परमेश्वराचं नाव लिहिलेलं आहे तो फाटला, भिजला, किड्याने खाल्ला तरी कचऱ्यात जात नाही, रद्दीत जात नाही, जाळायचाही नाही. त्याला माणसासारखं कबरस्तानात नेऊन मातीत ठेवायचं. बोलताना त्यांचा आवाज चढला होता. सुनेने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि एकोणीस वर्षं लक्षात ठेवलं. आता ती पांढरी ओढणीसुद्धा नवीच असणार. आठ दिवस सपोराबाई अंबरनाथलाच नणंदेकडे डोळ्याला पट्टी बांधून पडून होत्या, आणि त्या घरापासून दोन गल्ल्यांवर, प्रार्थनाघराच्या कोपऱ्यात, त्यांची वही येऊन पडली होती. एक हाक पोचेल इतक्या अंतरावर. वृंदा मंगळवारी तिथूनच त्यांना बघायला आली होती, मोसंबी घेऊन. तेव्हा ती बोलली नाही, कारण घरी आल्यावर स्वच्छ कपाट दाखवून आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

रागवायचं तर कुणावर? ती वही कसली हे वृंदाला ठाऊक नव्हतं. डॅनीला, पोटच्या मुलालाही नव्हतं. पाच वर्षं सपोराबाई ती वही दुपारी लिहीत आल्या होत्या, सून लॅबमध्ये आणि मुलगा ऐरोलीला गेला की दाराला आतून कडी घालून. गेटचा आवाज आला की वही बाबांच्या ग्रंथामागे. सत्तरीच्या बाईने अशी काय लाज बाळगायची, पण त्या लाजेचं मूळ जुनं होतं. लग्नानंतर दोनएक वर्षांनी त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, मला वाचायला शिकवा ना. हनोख किहीमकर दारूगोळा कारखान्यात लेथवर होते, स्वभावाने गरीब माणूस. ते नुसते हसले आणि म्हणाले, "का गं, आता काय दहा पुरुषांत उभी राहून तू प्रार्थना चालवणार आहेस?" त्यात कुचकेपणा नव्हता. ते शेजाऱ्यालाही तेच म्हणाले आणि शेजारीही हसला. क्वार्टर्सच्या जिन्यात दोन पुरुष चांगल्या मनाने हसले, एवढंच झालं, पण सपोराबाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि त्याच्याही आधी बाबा होते. अलिबागेकडून आलेले, कारखान्याच्या पहिल्या भरतीतले. रविवारी सकाळी ते दोन्ही भावांना चटईवर बसवून शिकवायचे आणि सपोरा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची. मोशेची पाच पुस्तकं बाबा बोटांवर म्हणून घ्यायचे. अंगठा बेरेशीथ, मग शेमोथ, वय्यिक्रा, बामिदबार, करंगळी देबारीम. भाऊ चुकायचे. उंबऱ्यातली मुलगी सुपात बोटं मोजत मनात म्हणायची आणि कधी चुकायची नाही. मराठीत त्या पुस्तकांना उत्पत्ती, निर्गम अशी शहाणी नावं आहेत. बाबांना ती आवडत नसत. ते म्हणायचे, उत्पत्ती म्हटलं की आत काय आहे ते कळल्यासारखं वाटतं आणि माणूस पुस्तक मिटून ठेवतो. आपल्या नावांत तसलं काही नाही. बेरेशीथ म्हणजे प्रारंभी. पुस्तकाचा पहिला शब्द आहे म्हणून पुस्तकाचं नाव, बस्स. शेमोथ म्हणजे नावं. वय्यिक्रा म्हणजे आणि त्याने हाक मारली. बामिदबार, रानात. देबारीम, शब्द. नावावरून काहीच कळत नाही, म्हणून वाचावं लागतं. शेजारच्या सरस्वतीबाईंची आरती चालू असायची तेव्हा ते खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचे, ते बघा, आरतीलासुद्धा तिच्या पहिल्या शब्दांनीच ओळखतात, तिचा मथळा वेगळा कुठे असतो. भाऊ माना डोलवायचे. पुढे दोघेही तिकडे, इस्राएलला निघून गेले, एक बेर्शेबाला, एक दिमोनाला. तिकडे त्यांना ती भाषा बसमध्ये आणि भाजीवाल्याकडे बोलावी लागली, आणि मोठा भाऊ पत्रात लिहायचा की बाबांचे उच्चार इथे कुणाला कळत नाहीत.

शुक्रवारचा दिवस मावळायला लागला होता. सपोराबाईंनी नातानला फोन लावला. नातान तळकर हा लेआचा मुलगा. लेआ त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमधली, लहानपणी हे पोर नाक पुसत यांच्याच ओट्यावर बसलेलं असायचं. आठ वर्षं तिकडे राहून, शिकून तो परत आला होता आणि अंबरनाथचं प्रार्थनाघर आता तोच बघायचा. फोन बंद होता. सूर्य मावळतीला आला की शब्बाथ, विसाव्याचा दिवस, सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत नातान फोनला हात लावत नाही. त्यांच्या पिढीत एवढं कडक कुणी पाळत नव्हतं. हनोख शनिवारी ओव्हरटाइम करायचे. सपोराबाईंना वाटलं, ज्या मुलाला आपण चिकाच्या हलव्याची वडी हातात दिली त्याला आता फोन करायचा तर आकाश बघून करायचा. वृंदा म्हणाली, मी उद्या सकाळी जाऊन सांगते. सपोराबाई म्हणाल्या, काय सांगशील? वही कसली हे तिला अजूनही कुणी सांगितलं नव्हतं. सपोराबाई सांगायला गेल्या आणि वाक्य सुरूच होईना. मी लिहिलेली आहे, एवढंच शेवटी तोंडातून निघालं. वृंदाने डोळे मोठे केले. "तुम्ही? तुम्हाला येतं ते?" आणि ते तिने इतक्या कौतुकाने विचारलं की सपोराबाईंना जिना आठवला.

डॅनी आला आणि त्याने सगळं सोपं करून टाकलं. तो म्हणाला, आई, त्यात काय, मी तुला नवीन वही आणतो, जाड, स्पायरलची. आणि अगं हे सगळं ऑनलाइन असतं आता, अर्थासकट, आवाजासकट, तू नुसतं ऐक, डोळ्यालाही त्रास नाही. त्याने फोनवर काढूनही दाखवलं. एक बाई अमेरिकन आवाजात बेरेशीत म्हणाली. सपोराबाईंनी फोन त्याच्या हातात परत दिला आणि डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली म्हणून आत गेल्या. थेंब घालून डोळे मिटून पडायचं असतं पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत वही डोळ्यांसमोर उलगडत गेली, उजवीकडून.

उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, होतचंद सेठचं कागदाचं दुकान होतं. तिथल्या काउंटरवर सपोराबाईंनी बावीस वर्षं काढली. एकदा बाबांच्या पंचग्रंथाची बांधणी सुटली म्हणून त्यांनी तो दुकानात आणला. कारागीर नेहमीच्या सवयीने पुठ्ठा उलट्या बाजूला चिकटवायला निघाला तेव्हा सेठ गल्ल्यावरून ओरडला, "अडे, रुक, ये उधर से खुलती है. हमारी सिंधी माफिक." सेठ रोज सकाळी सिंधी पेपर उजवीकडून उघडून वाचायचा, बोट उजवीकडून डावीकडे नेत. त्याची मुलं हिंदी वाचायची, नातवंडं इंग्रजी. तो पेपर दुकानात त्याच्यानंतर कुणी उघडला नाही. सपोराबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्याने त्यांना एक जाड वही दिली, कारागिराकडून मुद्दाम शिवून घेतलेली, उजवीकडून उघडणारी, दोनशे पानांची. म्हणाला, तुम्हारे काम की है, बाई. ती वही दहा वर्षं कोरी राहिली. उजवीकडून उघडणाऱ्या वहीत किराणा लिहिता येत नाही. मग हनोख गेले, त्यांचं वर्ष झालं, भावाच्या नातीने तिकडच्या बालवाडीतलं अक्षरांचं पुस्तक पाठवलं, बदकं आणि हत्ती काढलेलं, आणि एका दुपारी सपोराबाईंनी दाराला कडी घातली.

सगळी तोरा, म्हणजे बाबांच्या पंचग्रंथातली पाचही पुस्तकं, उतरवायला आयुष्य पुरलं नसतं. पण वर्षभरात दर आठवड्याला वाचायचे पाठ ठरलेले असतात, त्यांना पाराशा म्हणतात, असे चोपन्न. प्रत्येक पाराशाची पहिली ओळ उतरवायची असं त्यांनी ठरवलं. वर ती अक्षरं, खाली मराठीत उच्चार, त्याखाली अर्थ, जेवढा लागेल तेवढा. पहिली ओळ लिहायला अकरा दिवस लागले. ठिपके कुठे, रेघा कुठे, एका अक्षराचं पोट बंद तर दुसऱ्याचं उघडं. शेमोथ म्हणजे नावं, आणि त्या पुस्तकाच्या सुरुवातीला खरोखरच नावांची यादी आहे, मिसर देशात कोण कोण गेलं त्यांची, सगळे मुलगे. वाचून त्यांना चीड आली आणि त्या पुढे वाचत गेल्या, पहिल्या ओळीवर न थांबता. दुसऱ्या अध्यायात मोशेचं लग्न होतं, तिथे त्यांनी अक्षरं लावली. चार अक्षरं. सपोरा. आयुष्यभर ज्या नावाने हाका आल्या, जे रेशनकार्डावर, मस्टरवर, डॅनीच्या दाखल्यावर लिहिलं, ते तिथे असं सरळ पडून होतं आणि एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत त्यांना ते ओळखता येत नव्हतं. त्यांनी भोवती पेन्सिलीने चौकोन केला. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. मग वय्यिक्राने थकवलं, सगळे बळी आणि रक्त. बामिदबारला डोळा धूसर व्हायला लागला, रानात चालावं तसं चाचपडत लिहिलं. देबारीममधल्या सात झाल्या. चोपन्नापैकी पन्नास. सिम्हाथ तोराच्या सणाला, जेव्हा शेवटचं वाचून होतं, तोवर उरलेल्या चार संपवायच्या असा मनात हिशेब होता. डोळ्याने घात केला. म्हणून तर ऑपरेशन. डॉक्टरांनी विचारलं होतं, आजी, एवढी घाई कसली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, टीव्ही दिसत नाही.

शनिवार सरता सरला नाही. वृंदा गप्प गप्प वावरत होती आणि मधूनच काहीतरी आणून पुढे ठेवत होती, कधी चहा, कधी सोललेलं डाळिंब. तिला वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याचीही समजूत घालावी लागणार म्हणून सपोराबाई आणखी चिडत होत्या. दुपारी त्यांना वाटलं, जाऊ दे. आपण तरी काय असं मोठं लिहिलं होतं. लगेच वाटलं, हे जाऊ दे आपलं नाही, हे जिन्यातलं आहे. संध्याकाळी त्या गेटपाशी उभ्या राहिल्या. मांजर्लीचं आकाश टॉवरांच्या मधे फळकुटाएवढं उरलं होतं, त्यात चांदणी कुठून दिसायची. डॅनीने घड्याळ बघून सांगितलं, आता लाव. नातानने फोन उचलला. त्याने सगळं ऐकून घेतलं, हो मावशी, आहे, माझ्याकडेच आहे, म्हणाला, आणि मग थांबला. तुम्ही उद्या याच, म्हणाला. फोनवर नको. त्याच्या त्या थांबण्याचा अर्थ लावत त्या झोपल्या.

रविवारी सकाळी वृंदा बरोबर यायला निघाली होती, तिला त्यांनी नको म्हटलं. रिक्षाने अंबरनाथपर्यंत एकट्या आल्या, खड्ड्यांत डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. पूर्वीच्या क्वार्टर्सजवळ एका इमारतीच्या तळमजल्यावरची दीड खोली, तेच प्रार्थनाघर. बाहेर छोटा टेम्पो उभा होता. आत तीन पोती होती, पांढऱ्या मांजरपाटाची, तोंडं शिवलेली, चौथं उघडं. पालेगावकडच्या कबरस्तानात तिथल्या राखणदार शंकररावांनी खड्डा खणून ठेवला होता आणि त्यांचा नातानला फोन येत होता, ऊन चढायच्या आत आणा. नातानने सपोराबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, डोळ्याची चौकशी केली. दाढी वाढवली होती त्याने, पण बोलताना लेआसारखाच कान चोळत होता. वही त्याच्या टेबलावर होती, ओढणीतून काढलेली. फुगली होती, कडांना काळी बुरशी. तिच्यात जागोजाग पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या.

सपोराबाईंनी हात पुढे केला. नातानने वहीवर आपला हात ठेवला, दाबून नाही, पण ठेवला. त्याने खूप अदबीने सांगितलं. वृंदावहिनींनी दिली तेव्हा पोत्यात टाकण्याआधी मी उघडून बघितली, मला वाटलं कुणा जुन्या हज्जानची, प्रार्थना चालवणाऱ्याची, असेल. मग मराठी अक्षर बघितलं. मावशी, मी रात्री दोन तास वाचत बसलो होतो. तुम्ही कितीतरी पानांवर परमेश्वराचं नाव पूर्ण लिहिलंय, चारही अक्षरं. साध्या वहीत तसं लिहीत नाहीत, नुसती खूण करतात.

"मला कुणी सांगितलं नाही," सपोराबाई म्हणाल्या.

तो म्हणाला, तो दोष नाही, पण आता ती पवित्र झाली. तरी ते एक वेळ चाललं असतं, पवित्र वस्तू जपून घरात ठेवता येते. अडचण दुसरी आहे. त्याने एक चिठ्ठी लावलेलं पान उघडलं आणि पुन्हा मिटलं, दाखवावं की नाही ते न ठरल्यासारखं. मग म्हणाला, "चुका आहेत, मावशी. खूप आहेत. अक्षरांची अदलाबदल झालीय, काही ठिकाणी शब्दच सुटलाय. शास्त्राची चुकीची प्रत घरात तीस दिवसांच्या वर ठेवू नये, असा नियम आहे. उद्या कुणी ती खरी समजून वाचली तर."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सपोराबाई त्या पिवळ्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिल्या. मोजायचं नाही असं ठरवूनही नजर मोजत होती, वीस, बावीस, पुढे त्या एकमेकींवर चढल्या होत्या. पाच वर्षांच्या दुपारी. बंद दारामागे कुणी चुकलीस म्हणणारं नव्हतं, म्हणून बरं वाटायचं. आणि कुणी चुकलीस म्हणणारं नव्हतं म्हणूनच हे झालं. कानशिलं तापली होती. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर तापायची तशी, आणि त्या वयातली ती शरम सत्तरीतही तेवढीच ताजी असते याचाच त्यांना जास्त संताप आला. उठावं, रिक्षा करावी, घरी जाऊन डॅनीची स्पायरलची वही घ्यावी आणि तिच्यात दुधाचे खाडे लिहावेत, असं त्यांच्या मनात आलं. त्या उठल्या नाहीत.

"नातान," त्या म्हणाल्या, "बरोबर लिहिलं तर पवित्र झालं म्हणून भीती, चुकीचं लिहिलं तर चुकीचं आहे म्हणून पुरायचं. मग बाईने लिहिलेलं ठेवायचं कधी?"

नातान कान चोळायला लागला. तो म्हणाला, मावशी, हे बाईचं असं काही नाही, कुणीही लिहिलं असतं तरी. सपोराबाई म्हणाल्या, कुणीही नाही, तुझ्या आजोबांनी लिहिलं असतं तर त्यांच्या चुका त्यांच्या वडिलांनी लहानपणीच काढल्या असत्या, कान धरून. त्या ओरडल्या नाहीत. आवाज उलट इतका खाली गेला होता की नातानला पुढे वाकावं लागलं. त्या म्हणाल्या, तीस दिवस म्हणालास ना तू. ते कुठून मोजायचे? तो म्हणाला, म्हणजे? त्या म्हणाल्या, चुकीची आहे हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासूनच ना. मला आज कळलं. आत्ता, या खुर्चीवर. त्याने खिडकीबाहेर टेम्पोकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, हो, तसं म्हणता येईल. पण तीस दिवसांनी काय? दुरुस्त केली तरच ठेवता येईल, आणि दुरुस्त कोण करणार? तुम्हाला तर महिनाभर वाचायचंही नाहीये.

"तू करणार," सपोराबाई म्हणाल्या.

त्याने अडचणी सांगितल्या. त्या खऱ्या होत्या. कंपनीचं काम अमेरिकेच्या वेळेवर चालतं, रात्री दोनला झोपतो, शनिवार शब्बाथ, उरला रविवार, त्यात प्रार्थनाघराची कामं. महिन्याचे रविवार आजचा धरून पाच, फार तर तास तास मिळेल. पन्नास पाराशा त्यात होणार नाहीत, मावशी. सपोराबाईंनाही ते कळत होतं. आणि त्यातल्या झाल्या तरी चार लिहायच्याच राहिल्यात, हे त्या त्याला बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. त्या आवाजाने टेम्पोवाला दारातून डोकावला. त्यांनी वही त्याच्या हाताखालून काढून घेतली, उजवीकडून उघडली, पहिलं पान सपाट केलं आणि काळा चष्मा काढून बाजूला ठेवला.

पहिल्या पानावर पाच पुस्तकांची नावं होती, आणि खाली पहिली ओळ, अकरा दिवसांची. त्यांनी ती मोठ्याने वाचली. बेरेशीथ, इथून सुरुवात केली. नातानने सवयीने मधेच म्हटलं, "बेरेशीत. थ नाही, मावशी, त."

"अक्षरं सुधार," त्या म्हणाल्या. "उच्चार बाबांचा आहे. त्याला हात लावायचा नाही."

नातानने त्यांच्याकडे बघितलं. मग त्याने पेनच्या टोपणाने पाचव्या शब्दावर टेकवलं आणि म्हणाला, इथे बघा. सपोराबाई खाली वाकल्या, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तेवढ्याच वाकल्या. नव्या डोळ्याला सगळं दिसत होतं. शाई ओलीने फुटली होती, आणि शब्दाच्या मधे एक छोटं अक्षर असायला हवं होतं ते नव्हतं. तिथे जागाही सोडलेली नव्हती. पाच वर्षं त्या हे पान अधूनमधून उघडून समाधानाने बघत आल्या होत्या. नातान पेन्सिल शोधून ते अक्षर घालायला वाकला तेव्हा त्यांनी त्याच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली.

"तू नुसतं दाखव. लिहिणार मी."

अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा घातलं, तेही फार बरं आलं नाही. टेम्पोवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला, आणि नातानचा फोन टेबलावर थरथरायला लागला, शंकररावांचा. तो उठायला लागला. सपोराबाईंनी मान वर केली नाही.

"त्यांना सांग, तीन पोती नेऊन ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि खाली बस. अजून ही एक ओळसुद्धा झालेली नाही."